बोरसीत परत आलेले आपले चित्रपट

छत्तीसगडमधली दुर्ग आणि भिलाई ही दोन शहरं एकमेकांना लागून इतकी वाढली आहेत की बोरसी नेमकी कुणाची, हे पत्ता कोण लिहितंय त्यावर ठरतं. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसांनी सेक्टरमधलं क्वार्टर सोडताना इकडे प्लॉट घेतले, घरं बांधली. आमचं घर त्यांतलंच. 1955 साली या कारखान्यासाठी सोव्हिएत युनियनशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्या सुरुवातीच्या भरतीत नागपूर-गोंदियाकडची पुष्कळ मराठी माणसं इथे आली. माझे सासरे त्यांच्यापैकी एक. 1956 पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती, त्यामुळे मराठी माणसाला इथे परकं वाटायचं काही कारण नव्हतं. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि कारखान्यात हिंदी बोलत आमची मुलं मोठी झाली.

माझं माहेर नागपूरचं. तरुणपणी एका उन्हाळ्यात मी पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांचा रसास्वाद अभ्यासक्रम केला होता. सतीश बहादूर सर ‘पथेर पांचाली’ दृश्यामागून दृश्य थांबवून समजावत. कॅमेरा कुठे ठेवला आहे, आवाज कधी येतो आणि कधी जातो, हे ते विचारत आणि उत्तर येईपर्यंत पुढे सरकत नसत. पुढे लग्न होऊन मी इकडे आले, शाळेत शिकवू लागले, संसारात गुंतले. पण चित्रपट नीट पाहायची ती सवय सुटली नाही.

त्या सवयीमुळेच एक गोष्ट मनात सलत राहिली. आमच्या भागात घडलेले, आमच्या माणसांवरचे, आमच्या लेखकांच्या कथांवरचे कितीतरी चित्रपट जगभर फिरून आले होते आणि आमच्या भागातल्या माणसांनी ते पाहिलेच नव्हते. सत्यजित राय यांनी ‘सद्गति’ छत्तीसगडमधल्या गावात चित्रित केला. राजनांदगावला शिकवणाऱ्या गजानन माधव मुक्तिबोधांच्या लेखनावर मणि कौल यांनी ‘सतह से उठता आदमी’ केला आणि तो कान महोत्सवात दाखवला गेला. त्याच राजनांदगावात जन्मलेल्या विनोदकुमार शुक्लांच्या ‘नौकर की कमीज’ या कादंबरीवरही कौल यांनीच 1999 साली चित्रपट केला. अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ 2017 साली भारतातर्फे ऑस्करला गेला. त्याचं चित्रीकरण झालं ते दल्ली राजहराच्या परिसरात, जिथल्या खाणींतून भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज येतं. हे सगळं माझ्या शेजारपाजारच्यांना सांगितलं की ते म्हणत, “अरे वा, कधी झालं हे?” पाहिलेलं मात्र कुणीच नसे.

आमचं चित्रपट मंडळ निघालं ते एवढ्या एका कारणासाठी. हे चित्रपट घरी आणायचे. मंडळाला आम्ही नाव दिलं नाही, त्याची गरजही पडली नाही. रेल मिलमधून निवृत्त झालेले एक काका, सेक्टर 9 च्या रुग्णालयात आयुष्य घालवलेली एक मल्याळी सिस्टर, दुर्गच्या महाविद्यालयात हिंदी शिकवणारे एक प्राध्यापक, लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक तरुण आणि मी, असे आम्ही जमलो. दिवाळी झाली की इथे संध्याकाळ लवकर होते, हवा गार पडते आणि माणसं घराबाहेर बसायला तयार असतात. होळीनंतर ऊन तापतं आणि परीक्षा येतात. म्हणून हंगाम दिवाळी ते होळी असा ठरला, महिन्यातून दोन शनिवार.

जागेसाठी फिरताना पहिल्याच ठिकाणी आम्हाला नकार मिळाला. हॉल रिकामा होता, भाडंही आम्ही देणार होतो. पण ‘माहितीपट’ हा शब्द ऐकल्याबरोबर समोरच्या गृहस्थांनी विचारलं, “किसी के खिलाफ तो नहीं है ना?” आम्ही चित्रपटांची यादी दाखवली तरी त्यांचं समाधान झालं नाही. शेवटी आमच्याच वस्तीतल्या समाजभवनाची जागा मिळाली. तिथे लग्नं लागतात, बारशी होतात, मतदानाच्या दिवशी बूथ असतं. लोकांच्या पायाखालची जागा असल्यामुळे तिथे यायला कुणाला संकोच वाटला नाही. पुढे माझी खात्री पटली की एखाद्या मोठ्या सभागृहापेक्षा हीच जागा योग्य होती.

पडद्याची सोय सोपी असते, आवाजाची अवघड. व्हिडिओवाल्या तरुणाने प्रोजेक्टर आणला, खिडक्यांना काळी ताडपत्री लावली आणि चित्र पहिल्याच दिवशी स्वच्छ दिसलं. पण सिमेंटच्या चार भिंती आणि वर सपाट छत, त्यामुळे शब्द घुमायला लागले. व्यावसायिक चित्रपटात गाणी आणि मोठमोठे संवाद असतात, थोडं घुमलं तरी चालून जातं. माहितीपटात माणूस अंगणात बसून हळू बोलतो, मध्येच थांबतो, मागे कोंबडी ओरडत असते. ते ऐकू आलं नाही तर काहीच उरत नाही. मग घरोघरच्या गोधड्या आणि जुन्या रजया गोळा करून मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर दोऱ्या बांधून टांगल्या. स्पीकर मागे न ठेवता पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवले. आवाज एकदम जमिनीवर आला. पुढच्या प्रत्येक खेळाला बायका आपापली गोधडी घेऊन येत आणि जाताना घेऊन जात.

दुसरं काम परवानगीचं. चित्रपट कुठून तरी उतरवून घेऊन दाखवायचा नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. ज्याचा चित्रपट त्याला पत्र लिहायचं: आम्ही कोण, कुठे दाखवणार, तिकीट नाही, किती माणसं येतील. सरकारी संस्थांकडून उत्तर यायला वेळ लागतो, पाठपुरावा करावा लागतो. स्वतंत्रपणे माहितीपट करणारे मात्र बहुतेक वेळा लगेच उत्तर देतात, कारण आपलं काम लोकांनी एकत्र बसून पाहावं ही त्यांचीही इच्छा असते. आम्ही दाराशी एक डबा ठेवला. ज्याला जे जमेल ते त्यात टाकावं. त्यातून भाडं, चहा आणि दिग्दर्शकाचं मानधन निघत असे. कुणा दुकानाची किंवा पुढाऱ्याची जाहिरात घ्यायची नाही, हा नियम काकांनी घालून दिला आणि शेवटपर्यंत पाळला.

हंगामाची सुरुवात मुलांच्या चित्रपटाने केली. श्याम बेनेगल यांचा ‘चरणदास चोर’ 1975 सालचा. विजयदान देथा यांनी लिहिलेली राजस्थानी लोककथा, हबीब तनवीर यांनी तिला ‘नाचा’ या छत्तीसगढी लोकनाट्याच्या रंगात बांधलं आणि बेनेगल यांनी त्यावर मुलांसाठी चित्रपट केला. चोर गुरूला वचनं देतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही, आणि खोटं बोलणार नाही. पडद्यावर लालूराम, मदनलाल ही छत्तीसगढी नट मंडळी आणि राजकन्येच्या भूमिकेत स्मिता पाटील. मुलांना स्मिता पाटील माहीत नव्हती, पण बोली माहीत होती. पहिल्या काही मिनिटांतच पुढे सतरंजीवर बसलेला एक मुलगा मागे वळून आजीला म्हणाला, “दाई, ये तो हमर भाखा हे!” पडद्यावर आपली बोली ऐकल्याचा तो आनंद मी विसरू शकत नाही. शाळेत आम्ही शिक्षकांनी याच बोलीसाठी मुलांना कितीदा दटावलेलं असतं.

‘सद्गति’ दाखवला तेव्हा भवन भरलं. 1981 साली राय यांनी दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर तो केला. एक तासाचाही नाही. दुखी चांभार मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढायला ब्राह्मणाकडे जातो आणि ब्राह्मण त्याला आधी अंगण झाडायला, भुसा वाहायला, मग एक भलामोठा ओंडका फोडायला लावतो. ओम पुरी तापातून उठलेल्या माणसाच्या अंगाने ती कुऱ्हाड चालवतात. ओंडक्यात गाठ आहे, कुऱ्हाड तिथे आपटते आणि परत येते. राय यांनी या प्रसंगाला संगीताने घाई केलेली नाही. कुऱ्हाडीचा आवाज, धाप, पुन्हा आवाज. आमच्या भवनात या वेळी कुणी हललं नाही. ब्राह्मण घासीराम झालेले मोहन आगाशे आपल्याला नाटकांतून ओळखीचे, दुखीची बायको झुरिया म्हणजे स्मिता पाटील. मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांची अशी दोन माणसं छत्तीसगडच्या मातीत एका बंगाली दिग्दर्शकासाठी काम करताना पाहून मला फार भरून आलं.

पण खरी ओळख पटली ती दुखीला ‘हे काम सोड’ म्हणणाऱ्या गोंडाची. ती भूमिका केली आहे भैयालाल हेडाऊ यांनी. ते राजनांदगावचे गायक. दुर्गजवळच्या बघेरा गावच्या दाऊ रामचंद्र देशमुखांनी 1971 साली ‘चंदैनी गोंदा’ हा लोककलेचा मोठा कार्यक्रम उभा केला, त्यात हेडाऊ गात. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना पाहताक्षणी नाव घेतलं. चित्रपट संपल्यावर आम्ही दिवे लावले आणि ते उभे राहिले. चंदैनी गोंदा बघायला गावागावांतून बैलगाड्या कशा निघत, रात्रभर माणसं कशी बसत, ते त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, त्या वेळी आमच्या गावात अशी अंगणं होती आणि असे ओंडकेही होते. पुढे ते बोलले नाहीत. त्यांच्यानंतर एक बाई बोलल्या. त्यांनी सांगितलं की लहानपणी त्यांच्या वडिलांना कुणाच्या अंगणात बसायला कुठली जागा ठरलेली असे. चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली. जातीबद्दल आमच्या वस्तीत इतकं उघड बोलणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. शेजारी राहणाऱ्या माणसांनी एकमेकांसमोर ते बोलावं, यासाठी मधे एक चित्रपट असावा लागला.

‘सतह से उठता आदमी’चं तसं झालं नाही. मुक्तिबोध मराठी घरातले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नावाजलेले कवी आणि समीक्षक. गजानन माधवांनी मात्र हिंदी निवडली, 1958 पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवलं आणि 1964 साली ते गेले. आमच्यापासून राजनांदगाव गाडीने तासाभरावर. त्यामुळे मराठी मंडळी उत्साहाने आली होती. पण मणि कौल कथा सांगत नाहीत. माणसं चालतात, थांबतात, मुक्तिबोधांचं गद्य आणि कविता ऐकू येत राहतात, मागे झिया फरीदुद्दीन डागरांचं ध्रुपद. अर्ध्या तासाने खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले आणि मध्यंतरापर्यंत भवन अर्धं रिकामं झालं.

प्राध्यापकांचं म्हणणं पडलं की असे चित्रपट वगळावेत. मला ते पटलं नाही. कठीण चित्रपट लोकांना नको असतो असं नाही. त्यात शिरायला दार सापडलं नाही की ते उठून जातात. मी सतीश बहादूर सरांची पद्धत वापरायची ठरवली. पुढच्या आठवड्यात आमच्या घरच्या हॉलमध्ये, ज्यांना हवं त्यांच्यासाठी, तोच चित्रपट तुकड्यातुकड्याने लावला. एक दृश्य झालं की थांबायचं आणि विचारायचं: आत्ता काय ऐकलं? माणूस कुठे पाहत होता? प्राध्यापकांनी मुक्तिबोधांची ती ती जागा पुस्तकातून काढून समजावली. रमेश, माधव आणि केशव या तीन माणसांतला वाद आपल्याच मनातला आहे, नोकरी टिकवायची की मनाला पटेल तसं वागायचं हा प्रश्न आहे, हे हळूहळू उलगडत गेलं. कारखान्यात युनियनचं काम केलेले एक काका म्हणाले, “हा वाद मी तीस वर्षं डोक्यात घेऊन कामावर गेलो.” त्या दिवशी आलेली माणसं थोडी होती, पण चित्रपट त्यांना मिळाला.

त्यानंतर ‘नौकर की कमीज’ लोकांनी आपणहून मागितला. साहेब आदर्श नोकराच्या मापाचा एक सदरा शिवून ठेवतो आणि तो शेवटी कारकून संतू बाबूच्या अंगावर चढवला जातो, ही कल्पना आमच्या प्रेक्षकांना समजावून सांगावी लागली नाही. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एका तरुणाने चर्चेत आपल्या गणवेशाबद्दल सांगितलं: कायम कामगाराच्या आणि ठेक्यावरच्या कामगाराच्या कपड्यांवरून गेटवरचा माणूस बोलण्याचा सूर कसा बदलतो. संजय महर्षी आणि सुधन्वा देशपांडे यांचा ‘गांव के नांव थियेटर, मोर नांव हबीब’ हा 2005 सालचा माहितीपट त्याच महिन्यात झाला. हबीबसाहेबांनी 1959 साली सुरू केलेल्या ‘नया थियेटर’मधले कितीतरी नट राजनांदगाव-दुर्गकडच्या खेड्यांतले होते. त्यांना शहरी नटांसारखं बोलायला न लावता त्यांच्याच बोलीत उभं केलं की काय होतं, ते या माहितीपटात दिसतं. ‘चरणदास चोर’ पाहिलेली मुलं हाही पाहायला आली.

हंगामातली सर्वांत मोठी चर्चा झाली ती मेघनाथ आणि बिजू टोप्पो या रांचीच्या दिग्दर्शकांच्या ‘लोहा गरम है’ या माहितीपटावर. झारखंड, ओडिशा आणि छत्तीसगडमधल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांनी आसपासच्या गावांचं काय केलं, हा त्याचा विषय. लोखंडावर पोसलेल्या वस्तीत तो दाखवायचा की नाही, यावर आमच्यातच बराच खल झाला. सिस्टर ठामपणे म्हणाल्या, “रुग्णालयात मी ज्यांची छाती तपासताना उभी राहिले, त्यांच्याबद्दल आहे. दाखवायचाच.”

चित्रपट संपल्यावर रेल मिलवाल्या काकांनी आधी प्रक्रिया समजावली. ब्लास्ट फर्नेसमध्ये खनिज वितळतं. स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीत खनिज आणि कोळसा एकत्र तापवतात, पण वितळू देत नाहीत; खनिजातला प्राणवायू निघून जातो आणि लोखंडात छिद्रं राहतात, म्हणून ते नाव. धूळ पकडायला ईएसपी नावाचं यंत्र बसवावं लागतं आणि ते वीज खातं. “रात्री कोण बघतंय म्हणून ते बंद ठेवलं की सगळी काळी राख गावावर,” असं त्यांनी सांगितलं. मग रायपूरजवळच्या सिलतराकडची एक बाई, आमच्या वस्तीत घरकाम करणारी, बोलायला उभी राहिली. माहेरी गेलं की धुतलेले कपडे घरात वाळवावे लागतात, तलावाच्या पाण्यावर काळी साय धरते, भाजी दोनदा धुतली तरी दाताखाली करकर लागते. तिने हे रडून सांगितलं नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. ऐकणारे अभियंते गप्प झाले.

त्यावर एका निवृत्त अधिकाऱ्यांनी भिलाईची बाजू मांडली. या कारखान्याने दवाखाना दिला, शाळा दिल्या, हजारो घरांत भात शिजला. ते खरंच आहे. तेवढ्यात मागून एक वयस्कर गृहस्थ म्हणाले की त्या कारखान्यासाठी त्यांच्या वडिलांची शेती गेली होती. त्यांच्या गावाच्या जागेवर आता काय आहे ते त्यांनी सांगितलं आणि आमच्यापैकी काहींचं लहानपण तिथेच गेलेलं होतं. कुणी कुणाला खोटं पाडलं नाही. आपली भरभराट आणि दुसऱ्याचं विस्थापन एकाच जमिनीवर घडलं, हे आम्ही त्या रात्री समोरासमोर बसून ऐकलं. मी इतकी वर्षं इथे राहते, पण माझ्या घरासमोरच्या रस्त्याने जाणारा तो माणूस त्या विस्थापित गावातला आहे हे मला ठाऊक नव्हतं.

अशा पाहण्या-बोलण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, हे मी मंडळातल्या तरुणांना वारंवार सांगते. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी 1947 साली कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. 1959 साली देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला आणि रायच त्याचे अध्यक्ष होते. मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. सुधीर नांदगावकरांसारख्या माणसांनी आयुष्यभर मराठी प्रेक्षकाला जगाचा सिनेमा दाखवला, ‘वास्तव रूपवाणी’ या अंकातून त्यावर मराठीत लिहिलं, लिहवून घेतलं. पुण्यात ‘आशय’ या फिल्म क्लबने तेच केलं. 2004 साली मुंबईच्या माहितीपट महोत्सवात कितीतरी भारतीय माहितीपट नाकारले गेले, तेव्हा दिग्दर्शकांनी ‘विकल्प’ नावाने आपला समांतर महोत्सव भरवला आणि पुढे ठिकठिकाणी नियमित खेळ चालू ठेवले. 2006 साली गोरखपूरमधून ‘प्रतिरोध का सिनेमा’ हा महोत्सव निघाला, प्रायोजकांशिवाय, लोकवर्गणीवर. तो छोट्या छोट्या शहरांत पोचला, भिलाईतही आला. आमचा डबा आणि आमच्या गोधड्या याच वाटेवरच्या.

हंगामाचा शेवट महाराष्ट्रातल्या दोन माहितीपटांनी केला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजवर आहे आणि 2016 साली कानला त्याचा विशेष गौरव झाला. ट्रक, तंबू, गंजलेला प्रोजेक्टर, रिळं वेळेवर न आल्यामुळे चिडलेली गर्दी, आणि मग एक दिवस रिळांच्या जागी आलेला डिजिटल डबा. प्रोजेक्टर दुरुस्त करणारे प्रकाश आपल्या हाताने बनवलेलं यंत्र दाखवतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहावा. आमच्यातले वऱ्हाडकडचे काका-काकू जत्रेतल्या तंबूच्या आठवणींनी इतके भरभरून बोलायला लागले की चहा गार झाला. ताटातला ठेठरी-खुरमीचा खाऊ तसाच राहिला.

फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ दुसऱ्या शनिवारी. यंत्रमागांच्या गावात नासीर शेख आणि त्यांचे मित्र स्वतःचा सुपरमॅन बनवतात. नायक शफीक, मागावर काम करणारा, काडीसारखा बारीक. कॅमेरा पाण्यात पडतो, काम थांबतं, पुन्हा सुरू होतं. 2011 साली शफीकचं कर्करोगाने निधन झालं, हे चित्रपटानंतर सांगितलं तेव्हा मुलं सुन्न झाली. पण घरी जाताना त्यांच्या बोलण्यात एकच विषय होता: आपणही करू शकतो.

आणि त्यांनी केलं. व्हिडिओवाल्या तरुणाने कॅमेरा दिला, प्राध्यापकांनी प्रश्न कसे विचारायचे ते शिकवलं. वस्तीतल्या तलावावर मुलांनी एक लहानसा माहितीपट तयार केला. पूर्वी त्याचं पाणी कोण कुठल्या घाटावर भरत असे, आता त्यात काय येऊन पडतं, काठावर घरं कुणी बांधली. चित्रीकरण हलतं, आवाज कुठेकुठे फाटतो. पण त्यातली माणसं मोकळी बोलली आहेत, कारण विचारणारी मुलं त्यांच्याच घरची आहेत. पुढच्या हंगामाचा पहिला खेळ त्याचाच आहे.

मला ठामपणे वाटतं की अशा चित्रपटांना प्रेक्षक नाही ही समजूत चुकीची आहे. प्रेक्षक आहे, तो चार पावलांवर राहतो, त्याच्यापर्यंत चित्रपट पोचवणारं कुणी नसतं. यातले बरेच चित्रपट मोबाइलवरच्या दुकानांत मिळत नाहीत. मिळाले तरी एकट्याने पाहिलेल्या ‘सद्गति’नंतर बोलायला समोर शेजारी नसतो. आणि बोलणं झालं नाही तर निम्मा चित्रपट तसाच राहतो.

तुमच्या तालुक्यातही काहीतरी घडलं असेल. कुठल्या तरी दिग्दर्शकाने तुमच्या नदीकाठी कॅमेरा लावला असेल, तुमच्या गावच्या लेखकाच्या कथेवर चित्रपट झाला असेल, तुमच्या मागावर, खाणीवर, ऊसतोडीवर कुणी माहितीपट केला असेल. तो शोधा. करणाऱ्याला पत्र लिहून परवानगी घ्या, मानधन द्या. समाजभवन, शाळा, वाचनालय, जिथे सगळे येऊ शकतात अशी जागा निवडा. आवाजाकडे आधी लक्ष द्या. चित्रपटानंतर अर्धा तास राखून ठेवा आणि ज्याला कधी कुणी बोलायला सांगितलेलं नाही, त्याला आधी बोलू द्या. कुठे अडलं तर आम्ही मदत करू. दिवाळीनंतर आमचा हंगाम पुन्हा सुरू होतो. दुर्ग स्टेशनवर उतरून बोरसीला या.